भोंग्याच्या पोटात पाणी टिकेना

“मॅडम, तुम्ही अजून दवाखान्यातच?” साहेबांनी फोनवर विचारलं.

मी म्हणाले, हो, टेबलावर पेशंट आहे.

“टेबलावर गाय?”

“कुत्रा आहे, सर.”

मग साहेब समजुतीच्या सुरात बोलायला लागले. त्यांचा हा सूर मला त्यांच्या ओरडण्यापेक्षा जास्त झोंबतो. शेजारच्या गावात लसीकरणाचं शिबिर होतं, उद्घाटनाला एक पदाधिकारी येणार होते, मंडप लागला होता आणि बॅनरवर माझं नाव छापलेलं होतं. आणि मी एका गावठी कुत्र्यापाशी उभी होते. साहेबांच्या मते हा प्राधान्यक्रमाचा प्रश्न होता. माझ्याही मते तो प्राधान्यक्रमाचाच प्रश्न होता, आणि म्हणून मी जागची हलले नाही.

मी नेवासा तालुक्यातल्या एका सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करते. कागदावर माझं पद लांबलचक आहे, लोकांच्या तोंडी मी गुरांची डॉक्टर. दिवसभरात गाई, म्हशी, शेळ्या. त्यात लाळ्या-खुरकुताच्या लशीची मोहीम लागली की जेवायला फुरसत नसते. लाळ्या-खुरकूत म्हणजे गुरांच्या तोंडात आणि खुरांत फोड येणारा साथीचा रोग. लस महत्त्वाची, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण शिबिरातली लस माझ्या हाताखालचे पशुधन पर्यवेक्षक शेळके टोचणार होते, आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. मी तिथे फक्त फोटोत लागणार होते.

टेबलावरच्या कुत्र्याचं नाव भोंग्या. त्याचं भुंकणं साखर कारखान्याच्या भोंग्यासारखं लांबपर्यंत जातं, म्हणून हे नाव. मालकीण मार्थाबाई. वय साठच्या पुढे, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. प्रवरेच्या बाजूला उसात त्यांची वस्ती आहे, म्हणजे शेतातलं एकटं घर. दोन खोल्या, एक गाय आणि हा कुत्रा. मुलगा विल्सन पिंपरीला कंपनीत नोकरीला आहे.

भोंग्या एका कुशीवर पडला होता. पाठ कमानीसारखी वर आलेली, डोळे आत गेलेले. मी त्याची हिरडी अंगठ्याने दाबली. दाबून सोडली की पांढरी पडलेली जागा लगेच गुलाबी व्हायला हवी. ती होत नव्हती. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली. याचा अर्थ अंगातलं पाणी संपत आलं होतं.

आता मागे जाऊन सांगते, कारण ही वेळ येण्यात माझाही हात होता.

दोन दिवसांपूर्वी, मंगळवारी सकाळी, मार्थाबाईंचा फोन आला होता. भोंग्या रात्रीतून दोनदा ओकला, पिवळं पाणी पडलं. मी विचारलं, चालतोय का, शेपूट हलवतोय का, पाणी पितोय का. सगळ्याला हो म्हणाल्या. काय खाल्लं विचारलं तर म्हणाल्या, भाकरी आणि दूध, रोजचंच. मी सांगितलं, बारा तास उपाशी ठेवा, पाणी थोडं थोडं द्या, उद्या मऊ भात ताकात कालवून द्या. या सल्ल्यात काही चूक नव्हती. कुत्री रस्त्यावरचं काहीही खातात आणि ओकतात. मोठं, धडधाकट कुत्रं एकदा-दोनदा ओकलं आणि नंतर हिंडत-फिरत असलं, तर त्याला दवाखान्यात आणण्याची घाई नसते. पोटाला विश्रांती दिली की बहुतेक वेळा काम होतं.

बुधवारी मी मोहिमेवर निघाले होते, वाटेत त्यांच्या वस्तीचा फाटा लागतो. मार्थाबाई रस्त्यावर येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, आता पाचदा ओकला, भाताला तोंड लावत नाही. मी गाडीतून उतरले. भोंग्या बांधाच्या कडेला बसला होता. मी त्याला उलटी थांबण्याचं इंजेक्शन दिलं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, टीम कुठपर्यंत आली म्हणून. मी गाडीत बसले आणि गेले. सगळी मिळून पाच मिनिटं.

त्या पाच मिनिटांत मी भोंग्याच्या पोटावर हात ठेवला नाही. कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात ती गोष्ट मी केली नाही. उलटी हा रोग नसतो, आत काहीतरी बिघडल्याची ती बातमी असते. मी ती बातमी दाबून टाकली आणि पुढच्या गोठ्यात गेले. त्याची मला आजही लाज वाटते, आणि गुरुवारी साहेबांशी मी जशी वागले त्यात या लाजेचा मोठा वाटा होता.

गुरुवारी सकाळी दूध संकलनाच्या पिकअपमध्ये, दुधाच्या कॅनांच्या मधे, भोंग्या दवाखान्यात आला. मार्थाबाईंनी त्याला गोधडीत गुंडाळलं होतं. त्या म्हणाल्या, “म्याडम, आता पानी बी ऱ्हात न्हाई. पिला की ओकतो.”

हे ऐकलं आणि मी हातातला चहा ठेवून दिला. अन्न ओकणं वेगळं आणि पाणी ओकणं वेगळं. पाणीसुद्धा आत टिकत नसेल तर घरचे उपाय संपले, इतकं साधं आहे ते. त्यात पाठ वर, पोट घट्ट, दोन दिवस शी नाही.

मी दोन्ही हातांनी पोट चाचपलं. निरोगी कुत्र्याचं आतडं हाताखालून निसटतं, मऊ असतं. इथे डाव्या बाजूला एक जाड, गच्च झुपका लागला, आणि हात लागताच भोंग्या कण्हला. भोंग्यासारखं कुत्रं उगाच कण्हत नाही. मी त्याचं तोंड उघडलं, जीभ वर करून खाली बघितलं, कारण दोरा गिळलेल्या जनावराच्या जिभेखाली कधी कधी त्याचा वेढा सापडतो. तिथे काही नव्हतं.

मी सलाईन लावली आणि मार्थाबाईंना पुन्हा विचारलं, काय खाल्लं? भाकरी. अजून काय? दूध. प्लास्टिक, चिंधी, हाड? न्हाई. तिन्ही वेळा त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. आमचे परिचर रंगनाथमामा सलाईनची बाटली धरून उभे होते. नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिलेला माणूस, फार बोलत नाहीत. ते हळूच म्हणाले, “म्याडम, बाईंची गाय व्यालीय.”

मला एकदम सगळं कळलं असं नाही. पण विचारायचा रस्ता कळला.

“मार्थाबाई, गाय कधी व्याली?”

“आइतवारी. मी चर्चला गेल्ते तवा.”

“वार पडली?” वार म्हणजे वासरू झाल्यावर मागाहून पडते ती पिशवी.

“पडली की. सोमवारी सकाळी.”

“आपोआप पडली?”

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. “तुमी रागवताल.”

“रागवेन, पण नंतर. आधी सांगा.”

“रातच्याला पडंना. म्हनून अर्धी ईट बांधली.”

इथे थोडं थांबून सांगायला हवं. गाईची वार वेळेत पडली नाही तर आमच्या भागात लोक लोंबणाऱ्या वारेला वजन बांधतात. दगड, वीट, जुनी चप्पल, कोणी खराटासुद्धा. वजनाने वार ओढली जाईल अशी समजूत. प्रत्यक्षात ती आत तुटते, तुकडा गर्भाशयात राहून कुजतो आणि गाय पुढच्या वेताला गाभण राहत नाही. याच्यावर मी दूध डेअरीच्या प्रत्येक मेळाव्यात बोलते, आणि गोड बोलत नाही. गेल्या मेळाव्यात तर मी म्हणाले होते की जिने वारेला दगड बांधला तिने मला गोठ्यात बोलावू नये. मार्थाबाई तेव्हा पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि मान डोलावत होत्या.

“वीट कशाने बांधली होती?”

“जुन्या साडीचा काठ फाडून. नायलानची हुती.”

“तो काठ कुठे आहे?”

“सकाळी ईट गव्हानीपाशी पडल्याली दिसली. काठ न्हवता. वार बी न्हवती.” आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “मला वाटलं, शीवाटं निघून जाईल. तुमाला सांगायची लाज वाटली ओ.”

वार कुत्र्याला आवडते. तिला रक्ताचा वास असतो. भोंग्याने ती साडीच्या काठासकट गिळली होती. माझा राग कुठे काढावा ते मला कळेना. बाईंवर काढावा तर त्यांना लाज वाटावी अशी व्यवस्था मीच माइकवरून केली होती.

लांब चिंधी किंवा दोरा पोटात गेला की काय होतं ते सांगते. चिंधीचं एक टोक, बहुतेक वेळा गाठीचं, जठराच्या तोंडाशी अडकतं. उरलेली चिंधी आतड्यात पुढे सरकते. आतडं तिला ढकलायला बघतं, पण टोक अडकलेलं असल्यामुळे आतडंच तिच्यावर गोळा होत जातं. परकराची नाडी ओढली की नेफ्याला चुण्या पडतात, तशा आतड्याला चुण्या पडतात. मग ती ताणलेली चिंधी आतून आतडं कापायला लागते. एकदा भोक पडलं की पोटात विष पसरतं. याला गोळी नाही, काढा नाही, तेल पाजणं तर अजिबात नाही. पोट उघडावं लागतं.

मी नगरला एका कुत्र्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते पुण्याला गेले होते, उद्या संध्याकाळी येणार होते. भोंग्याकडे उद्या संध्याकाळ नव्हती. गाईंची पोटं मी कितीतरी उघडली आहेत, पण कुत्र्याचं आतडं शिवून मला दहा-बारा वर्षं झाली होती, आणि तेव्हा शिवलेल्यांतलं एक कुत्रं वाचलं नव्हतं. हे मी मार्थाबाईंना सरळ सांगितलं. भुलीतच जाऊ शकतो, हेही सांगितलं.

तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून त्या स्पीकर लावतात, त्यामुळे आम्हीही ऐकलं. विल्सनचं म्हणणं असं होतं की म्हाताऱ्या कुत्र्याला कापून त्याचे हाल करू नको, गायीला गिऱ्हाईक बघ आणि आता तरी पिंपरीला ये. मुलगा वाईट नाही. आई उसात एकटी राहते या काळजीने त्याला खरोखर झोप लागत नाही. ऊसतोड सुरू झाली होती. उसाची रानं मोकळी होतात तशी बिबट्यांची लपायची जागा जाते आणि ते वस्त्यांकडे सरकतात. मागच्या हंगामात मार्थाबाईंच्या शेजारच्या वस्तीवरून दोन शेळ्या गेल्या होत्या. मार्थाबाईंच्या गोठ्यातलं काही गेलं नाही, कारण भोंग्या चाहूल लागताच बोंब मारतो आणि बाई आतून पत्रा बडवतात.

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. “म्याडम, भोंग्या गेला तर मला जावंच लागंल. त्याच्याबिगर एकटीनं तितं ऱ्हाता यायचं न्हाई, हे मला बी कळतं. पन मला जायाचं न्हाई. मालकांनी आन मी हातानं हीर खंदलीय तितं. तुमी पोट फाडा. मेला तर तुमच्यावर बोल न्हाई.”

त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. याच वेळी साहेबांचा तो फोन आला.

साहेबांनी समजुतीचा सूर सोडला आणि मुद्द्यावर आले. म्हणाले, कुत्र्याला दोन इंजेक्शनं द्या आणि निघा, लोक जमलेत. मी म्हणाले, दोन इंजेक्शनं देऊन निघण्याचं काम मी काल केलं, सर, म्हणूनच तो आज टेबलावर आहे. ते म्हणाले, दवाखान्याची पहिली जबाबदारी पशुधन आहे, पाळीव लाड नाहीत.

“सर, हे कुत्रं लाडाचं नाही. हे त्या बाईच्या घराचं कुलूप आहे.”

“मी लेखी घेईन, मॅडम.”

“घ्या, सर. मी लेखी उत्तर देईन.”

वीस वर्षांच्या नोकरीत मी साहेबांना असं कधी बोलले नव्हते. आतापर्यंत मी ‘हो सर’ म्हणून मंडपात जाऊन उभी राहत आले होते. फोन ठेवल्यावर मला भीती वाटली, आणि तिच्यापेक्षा जास्त बरं वाटलं.

आमच्याकडे टाके घालायचा धागा होता तो गाईच्या मापाचा, त्याने कुत्र्याचं आतडं शिवणं म्हणजे सुतळीने ब्लाउज शिवणं. मी चौकातल्या मेडिकलवाल्याला फोन केला. त्याच्याकडे माणसांच्या ऑपरेशनचा बारीक, आपोआप विरघळणारा धागा होता. मामा सायकलवर जाऊन घेऊन आले. दोन बाटल्या सलाईन अंगात गेल्यावर हिरडीला जरा रंग आला, आणि मग मी भूल दिली.

पोट उघडलं. आतडं चाचपताना जो झुपका लागला होता तो समोर दिसला, हातभर आतडं गोळा होऊन वितीएवढं झालेलं. अशा वेळी सगळ्यांना चिंधीचं टोक धरून ओढावंसं वाटतं. तसं ओढलं की आतडं आतून उभं चिरतं. आधी अडकलेलं टोक सोडवायचं असतं. मी जठराला चीर दिली आणि तिथे गाठ सापडली. मार्थाबाईंनी वीट सुटू नये म्हणून काठाला एकावर एक तीन गाठी मारल्या होत्या. वीट सुटली, गाठी नाही सुटल्या. मी गाठ कापून काढली. तिकडचा ताण गेला तसं आतडं माझ्या बोटांखाली सैल व्हायला लागलं.

या क्षणी टेबलाशेजारचा माझा फोन वाजायला लागला. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. मी मामांना म्हणाले, उचला आणि सांगा. मामांनी उचलला आणि सांगितलं, “साहेब, म्याडमचे हात आत हायेत.” मग कुठलीही परवानगी न घेता त्यांनी फोन बंद करून कपाटात ठेवला. तीस वर्षांत मामांनी कुठल्या साहेबाचा फोन कापला नसेल.

आतड्याला खालच्या बाजूला दुसरी चीर देऊन उरलेला काठ मी हळूहळू बाहेर घेतला. हिरव्या जरीचा, जवळजवळ माझ्या हाताच्या लांबीचा. मग आतडं इंच इंच तपासलं. एका जागी काळसर डाग होता, भोक नव्हतं. असा डाग असला की दोन रस्ते असतात. तेवढं आतडं कापून दोन टोकं जोडायची, किंवा ते सुधारेल म्हणून ठेवायचं. कापलं तर भुलीत आणखी वेळ जाणार, आणि भोंग्याचा श्वास आधीच उथळ होता. मी कोमट सलाईनचा बोळा त्या डागावर धरून बसले. पाच मिनिटांनी त्याच्या कडेला गुलाबी झाक आली. मी ठेवायचं ठरवलं. तो निर्णय बरोबर होता की नाही हे पुढचे पाच दिवस मला माहीत नव्हतं.

मार्थाबाई व्हरांड्यात बसून पुटपुटत प्रार्थना करत होत्या. मी बाहेर येऊन सांगितलं, जिवंत आहे. त्यांनी तो काठ बघायला मागितला. मी दाखवला. त्यांनी तो ओळखला आणि तोंड फिरवलं.

आतड्याचे टाके सुटायचे असले तर ते बहुतेक तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान सुटतात. तोवर डॉक्टरने फुशारकी मारू नये. दुसऱ्या दिवशी वस्तीवर भोंग्याने चार चमचे पाणी पिऊन ते आत ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याला ताप आला, आणि तो भिंतीकडे तोंड करून पडला. मी वस्तीवर जाऊन दीड तास त्याच्यापाशी बसले, पोट पुन्हा पुन्हा चाचपलं. इंजेक्शनं बदलली. आतल्या खोलीत मार्थाबाईंची एक मोठी बॅग अर्धी भरलेली मला दिसली. ती बघून मला आतड्याच्या त्या डागाचा अक्षरशः राग आला.

संध्याकाळी ताप उतरला. पाचव्या दिवशी सकाळी दुधाची पिकअप आली तेव्हा भोंग्या उठला आणि तिच्यावर भुंकला. पूर्वीसारखं नाही, पण ड्रायव्हर दचकला एवढं. मार्थाबाईंनी मला फोन केला, आणि बोलायच्या ऐवजी फोन भोंग्याच्या तोंडापुढे धरला.

दोन आठवड्यांनी त्यांच्या विहिरीजवळ बिबट्याचे ठसे सापडले. गोठ्यापर्यंत तो आला नव्हता. वनखात्याचे लोक आले, फोटो काढून गेले. विल्सन रविवारी येऊन आईशी भांडला, मग गोठ्याला पक्की जाळी बसवून, अंगणात मोठा दिवा लावून परत गेला. बॅग कपाटावर गेली.

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. शासकीय मोहिमेस विनापरवानगी अनुपस्थित राहून खाजगी कुत्र्यावर वेळ खर्च केल्याबद्दल. मी एका पानाचं उत्तर दिलं. कोणत्या वेळी काय लक्षणं होती, कोणता निर्णय का घेतला, शिबिरात कोणी लस टोचली आणि माझ्यामुळे एकही जनावर लशीवाचून परत गेलं नाही. शेवटी लिहिलं की अशी केस पुन्हा आली तर मी पुन्हा तेच करेन. शेळके म्हणाले, ते शेवटचं वाक्य काढा, बाकी चालून जाईल. मी काढलं नाही. सेवापुस्तकात ‘सक्त ताकीद’ अशी नोंद झाली. ती तिथे आहे, आणि मला तिचं काही वाटत नाही.

महिन्याभराने डेअरीचा मेळावा होता. साहेबही आले होते. वारेचा विषय निघाला तेव्हा मी माइक हातात घेतला, आणि नेहमीचं भाषण करणार तोच मार्थाबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “म्याडम, मी सांगते.” आणि त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. ईट बांधली, काठ गेला, तीन दिवस लपवलं. मग साहेबांकडे बघून म्हणाल्या, “कुत्रं चिंधीनं मरत न्हवतं, साहेब. माझ्या लाजंनं मरत हुतं.”

मग मी माइकवर म्हणाले की त्या बुधवारी मी भोंग्याच्या पोटाला हात लावला नव्हता, घाईत इंजेक्शन देऊन निघून गेले होते, आणि दगड बांधणारीने मला बोलावू नये असं मी याच जागी म्हणाले होते ते चुकीचं होतं, ते मी परत घेते. साहेब समोरच्या खुर्चीत पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत-काढत बसले होते.

मी विचारलं, अजून कोणी कोणी वारेला वजन बांधलंय, हात वर करा. आधी एक हात वर आला, मग पाच-सहा, मग इतके की मोजता येईनात. त्यात रंगनाथमामांची बायको होती. मामा माझ्या मागे उभे होते, ते पाय मोकळे करायला बाहेर निघून गेले.

एवढ्यावरून मी जे शिकले ते थोडक्यात सांगते. कुत्रं एकदा-दोनदा ओकलं आणि हुशार असलं तर बारा तास उपाशी ठेवा, लक्ष ठेवा. पिल्लू असेल तर इतकीही वाट बघू नका. उलटीत किंवा शीमध्ये रक्त दिसलं, पाठ वर येऊन पोट दुखायला लागलं, शी बंद झाली किंवा प्यायलेलं पाणीही बाहेर आलं तर फोनवर विचारत बसू नका, गाडी बघा. डॉक्टर पोटाला हात न लावता इंजेक्शन देऊन निघाला तर त्याला अडवा, मीच असले तरी. आणि दवाखान्यात आल्यावर काय खाल्लं ते खरं सांगा. मी ओरडेन. पण इलाज आधी करेन.